अनोळखी माणसाची पारख

दोन मराठी माणसें आगगाडीच्या डब्यांत समोरासमोर बसलीं कीं, पहिल्या पांच मिनिटांत एक प्रश्न हटकून निघतो : "आपण मूळचे कुठले?" विचारणाराच्या मनांत वांकडें कांहींच नसतें. पण गांवाचें नांव कळून त्याचें समाधान होत नाहीं. मग आडनांव, मग त्या गांवांतील ओळखीचीं माणसें, असें करतां करतां ज्या एका गोष्टीसाठीं हा सारा प्रपंच चाललेला असतो ती गोष्ट न विचारतांच कळून चुकते. ती कळली कीं संभाषण एक तर अधिक मोकळें होतें, नाहीं तर हवापाण्याकडे वळतें. हें वळण घेण्याचा जो क्षण, त्याचा मराठी माणसानें केलेला सर्वांत सूक्ष्म अभ्यास एका तीसएक पानांच्या इंग्रजी पुस्तिकेंत पडून आहे, आणि आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं ती वाचली असली तरी त्या दृष्टीनें ती वाचली जात नाहीं, असें आम्हांस वाटतें. म्हणून हा लेख.

मनुष्य अनोळखी मनुष्याची किंमत कशी ठरवितो, या प्रश्नाचा अभ्यास हल्लीं पाश्चात्त्य देशांत व्यापारशिक्षणाच्या विद्यालयांत, म्हणजे ज्यांना आतां बिझनेस स्कूल म्हणतात तेथें, मोठ्या हिरीरीनें चालतो. तें स्वाभाविकच आहे. नोकरीस कोणास घ्यावें, उधार कोणास द्यावें, भागीदार कोणास करावें, हे सारे व्यवहार शेवटीं या पारखेवरच उभे असतात. परंतु आपल्याकडील एका व्यापारविद्यालयाच्या प्राध्यापकानें हाच प्रश्न कितीतरी आधीं हातीं घेतला होता. मुंबईचें सिडनहॅम कॉलेज १९१३ सालीं व्यापार व अर्थशास्त्र शिकविण्यासाठीं निघालें. तेथें १९१८ च्या नोव्हेंबरपासून १९२० च्या मार्चपर्यंत भीमराव रामजी आंबेडकर हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यापूर्वींच, १९१६ च्या मे महिन्यांत, कोलंबिया विद्यापीठांत गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रांत त्यांनीं जातिसंस्थेवर निबंध वाचला होता. जातीचें मर्म आपसांतल्या लग्नांत आहे, आणि एका वर्गानें दार लावून घेतलें तें पाहून इतरांनींहि अनुकरणानें आपापलीं दारें लावलीं, असा त्या निबंधाचा रोख होता. आणि अनुकरण ही मनाची क्रिया आहे, हें सांगण्यास त्यांनीं टार्द या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचा आधार घेतला होता. म्हणजे जात ही नुसती रूढि नसून मनाची एक संवय आहे, हा विचार त्यांच्या लेखनांत आरंभापासून आहे. त्याच सिडनहॅम कॉलेजांत प्राध्यापकांसाठीं ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यांतून त्यांनीं पाणी पिण्यास कांहीं सहकाऱ्यांनीं हरकत घेतली, असें त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. अभ्यासविषय असा शिक्षकांच्या खोलींतच हजर होता.

आम्ही ज्या पुस्तिकेविषयीं बोलत आहों ती 'वेटिंग फॉर ए व्हिसा' ही होय. बाबासाहेबांच्या हयातींत ती छापली गेली नाहीं. पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें ती १९९० सालीं प्रसिद्ध केली आणि पुढें महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या बाराव्या खंडांत ती समाविष्ट झाली. तींत १९३८ च्या मार्चमधील दादरच्या एका सभेचा उल्लेख असल्यामुळें निदान शेवटचें प्रकरण त्यानंतरचें, हें उघड आहे. परदेशीयांना अस्पृश्यता म्हणून कांहीं आहे हें ठाऊक असतें, पण ती रोजच्या जगण्यांत कशी जाचते हें उमगत नाहीं. तें समजावून देण्यास एक तर सर्वसामान्य वर्णन करावें किंवा निवडक प्रसंग सांगावे, आणि आपण दुसरी वाट पत्करतों, असें लेखकानें आरंभींच सांगितलें आहे. आंकडे, कोष्टकें आणि सिद्धांत ज्याच्या हातचा मळ होता, त्या अर्थशास्त्रज्ञानें जाणूनबुजून प्रसंगांची वाट धरली, ही गोष्ट टीकाकारानें दृष्टीआड करूं नये. त्यांना येथें किती जणांवर अन्याय झाला हें मोजावयाचें नव्हतें. अन्याय करतांना माणसाचें मन कोणत्या क्रमानें चालतें, तें दाखवावयाचें होतें.

पहिलाच प्रसंग पाहा. साल १९०१. आई वारलेली, आणि वडील सातारा जिल्ह्यांत दुष्काळपीडितांसाठीं चाललेल्या तलावाच्या कामावर खजिनदार. सुटींत त्यांच्याकडे जावयाचें म्हणून मुलें साताऱ्याहून आगगाडीनें निघतात आणि मसूर स्टेशनवर उतरतात. लेखकाचें वय, त्याच्याच हिशेबानें, नऊ. मुद्दाम नवे कपडे शिवलेले, डोक्यावर झगझगीत टोप्या, पायांत नवे जोडे. नोकराच्या विसराळूपणामुळें वडिलांना पत्र पोंचलेलेंच नाहीं, म्हणून घ्यावयास कोणी आलेलें नाहीं. गाडी निघून जाते, फलाट रिकामा होतो, आणि स्टेशनमास्तर या चुणचुणीत मुलांजवळ येऊन आपुलकीनें विचारपूस करूं लागतो. पोषाखावरून त्यानें तीं ब्राह्मणाचीं मुलें असावींत असा तर्क केलेला असतो. मग जातीचा प्रश्न येतो, मुलगा भाबडेपणानें खरें तें सांगून टाकतो, आणि त्या एका शब्दासरशी मास्तराचा चेहरा पालटतो. तो कांहीं न बोलतां आपल्या खोलींत निघून जातो. मुलें तशींच उभीं राहतात. बऱ्याच वेळानें तो परत येतो.

या प्रसंगाचा करुण रस सर्वांनाच जाणवतो. आम्ही मात्र वाचकांचें लक्ष त्या मधल्या वेळाकडे वेधूं इच्छितों. पोषाख तोच, चेहरे तेच, संकट तेंच. मुलांनीं कांहीं केलें नाहीं आणि कांहीं बिघडविलेंहि नाहीं. बदललें तें एवढेंच कीं, मास्तराच्या मनांतल्या वहींत तीं मुलें एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलीं. वर उल्लेखिलेल्या शास्त्रांतील एक प्रसिद्ध सिद्धांत प्रिन्स्टनच्या सुझन फिस्क, पुढें हार्वर्डच्या व्यापारविद्यालयांत अध्यापन केलेल्या एमी कडी आणि त्यांचे सहकारी यांनीं २००२ सालीं मांडला. त्यांच्या मतें आपण परक्यांना दोन मापांनीं मोजतों : यांचा हेतु आपल्याविषयीं चांगला आहे काय, आणि तो तडीस नेण्याची कुवत यांच्यांत आहे काय. सिद्धांत सुबक आहे, आणि त्यानें पुष्कळ कांहीं उलगडतें. पण मसूरच्या फलाटावर हीं दोन्ही मापें आधींच वापरून झालीं होतीं, आणि दोहोंचा कौल मुलांच्या बाजूचा होता. नंतर आलेल्या एका शब्दानें तीं मापेंच बाजूस सारलीं. आपल्याकडे मोजणीच्या आधीं एक चौकी आहे. ती ओलांडली तरच माप बाहेर निघतें. चौकीवर काय घडतें याचें चित्र या पुस्तिकेइतकें स्पष्ट आम्हांस अन्यत्र आढळलें नाहीं. शीर्षकाचा अर्थ लेखकानें कोठेंच उलगडून सांगितलेला नाहीं. पण परक्या देशांत शिरण्यासाठीं लागणारा परवाना ज्याला स्वतःच्या जिल्ह्यांत पदोपदीं मागावा लागला, त्यानें तें शीर्षक कां दिलें असेल, हें यावरून उमगतें.

पुढें काय होतें तेंहि तितकेंच बोलकें आहे. स्टेशनवर बैलगाड्या असतात, पण एकहि गाडीवान विटाळाच्या भयानें तयार होत नाहीं. दुप्पट भाडें कबूल करूनहि नाहीं. तेव्हां तोच स्टेशनमास्तर तोड काढतो : मुलांनीं गाडी स्वतः हांकावी, गाडीवानानें बरोबर पायीं चालावें, आणि भाडें मात्र दुप्पट घ्यावें. गाडीवानास हें ताबडतोब पटतें. यांत दोन गोष्टी आहेत. एक, ज्याला शिसारी आली त्याच माणसानें मदतहि केली; बाबासाहेबांनीं ती मदत लपविली नाहीं, आणि मास्तराला राक्षसहि केलें नाहीं. दुसरी गोष्ट अर्थशास्त्राची आहे. शिकागोचे अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनीं १९५७ सालच्या आपल्या ग्रंथांत असें प्रतिपादिलें कीं, भेदभाव करणाराला स्वतःच्या पूर्वग्रहाची किंमत मोजावी लागते, आणि जेथें खरी चढाओढ आहे तेथें असा मनुष्य व्यवहारांत मागें पडतो. मसूरचा गाडीवान मात्र पूर्वग्रह राखून दुप्पट मिळकत घेऊन गेला. किंमत मोजली ती मुलांनीं : पैशानें, श्रमानें, आणि वाटेंत कोणी पाणी न दिल्यामुळें रात्रभराच्या तहानेनें. पूर्वग्रह सगळ्याच गाडीवानांचा सारखा असला म्हणजे चढाओढ उरतेच कोठें? जो धडा ग्रंथांतून शिकविला जातो त्याची दुसरी बाजू या मुलानें गाडी हांकतां हांकतां शिकून घेतली.

याच सूत्राचा दुसरा टोंकाचा नमुना १९२९ सालीं चाळीसगांवास दिसतो. आतां प्रवासी बॅरिस्टर आहे, सरकारी चौकशी समितीचा सभासद आहे, आणि त्याला वस्तींत नेण्यास टांगेवाले राजी नाहींत. पाहुण्यानें पायीं जाणें बरें दिसणार नाहीं म्हणून वस्तींतले लोक टांगा भाड्यानें घेतात, आणि ज्याला हांकण्याची संवय नाहीं असा त्यांच्यांतलाच एक जण लगाम धरतो. पुलावर अपघात होतो आणि पाहुण्याचा पाय मोडतो. लेखक या ठिकाणीं टांगेवाल्यांवर आग पाखडीत नाहीं. तो शांतपणें दोन गोष्टी टिपतो : घोडा हांकून पोट भरणारा मनुष्यहि बॅरिस्टराहून स्वतःला वरचा समजूं शकतो, आणि पाहुण्याचा मान राखण्याच्या भरांत यजमानांना त्याच्या जिवाचा विसर पडला. निवाडा करणारा आणि ज्याचा निवाडा होतो तो, दोघेहि एकाच तराजूच्या दोन पारड्यांत कसे अडकतात, हें यांत आलें. काठेवाडांतील त्या डॉक्टराची हकीकत तर वाचवत नाहीं. बाळंतीण तापानें फणफणलेली. डॉक्टर तिला शिवत नाहीं. उष्णतामापक तो एका मुसलमानाच्या हातीं देतो, तो नवऱ्याच्या, नवरा बायकोच्या, आणि त्याच वाटेनें तें परत येतें. डॉक्टर दिव्याच्या उजेडांत पारा पाहून न्यूमोनिया असल्याचें सांगतो. बाई दगावते. विद्या होती, साधन होतें, निदानहि होतें. तरी हात पुढें झाला नाहीं. शिक्षणानें ही खोड आपोआप जाते, असें मानणाऱ्या आपल्या वर्गानें हें पान वारंवार वाचावें.

सगळे प्रसंग एकत्र ठेवले कीं एक गोष्ट ध्यानांत येते, आणि आमच्या मतें तीच या पुस्तिकेचें मर्म आहे. आगगाडीचें स्टेशन, बडोद्याचें पारशी उतारूगृह, टांग्यांचा अड्डा, दौलताबादचा किल्ला, दवाखाना, तालुका कचेरी : हीं सारीं ठिकाणें नव्या जगाचीं आहेत. जुन्या गांवगाड्यांतला प्रसंग यांत जवळजवळ नाहींच. कारण गांवांत पारख करण्याची गरजच पडत नाहीं. कोण कोणाचा हें सर्वांस पिढ्यान् पिढ्या ठाऊक असतें, आणि रूढीनें निवाडा आधींच देऊन ठेवलेला असतो. जेथें अनोळखी माणसें एकत्र येतात आणि पोषाखावरून कांहीं कळत नाहीं, तेथेंच प्रश्न विचारावा लागतो. म्हणून नवें जग आलें कीं जात जाईल, ही आशा या पुस्तिकेनें अर्धीच खरी ठरविली आहे. नव्या जगानें जातीला पोषाखांतून हुसकलें; ती प्रश्नांत जाऊन बसली.

या प्रश्नाचा माग अलीकडच्या संशोधकांनीं दुसऱ्या रीतीनें काढला आहे. शिकागोच्या व्यापारविद्यालयांतील प्राध्यापिका मारियान बर्ट्रांड आणि त्यांचे सहकारी सेंधिल मुलैनाथन यांनीं शिकागो व बॉस्टन येथील नोकरीच्या जाहिरातींना सुमारें पांच हजार बनावट अर्ज पाठविले. पात्रता सारखी, फक्त नांवें निराळीं, कांहीं गोऱ्या वळणाचीं तर कांहीं काळ्या. २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षाप्रमाणें गोऱ्या नांवांना पन्नास टक्के अधिक बोलावणीं आलीं. आपल्याकडे हेंच काम अमरावती जिल्ह्यांत जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात यांनीं पॉल ॲटवेल यांच्यासह केलें. इंग्रजी वृत्तपत्रांतील ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज धाडून त्यांनीं २००७ सालीं दाखविलें कीं, अनुकूल उत्तराचें प्रतिकूल उत्तराशीं जें गुणोत्तर, तें उच्चवर्णीय नांवाच्या बाबतींत १०० धरलें तर सारख्याच पात्रतेच्या दलित नांवाच्या बाबतींत ६७ आणि मुसलमान नांवाच्या बाबतींत ३३ भरतें. उलट, अभिजित बॅनर्जी, बर्ट्रांड इत्यादिकांनीं दिल्लीच्या परिसरांत केलेल्या व २००९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांबाबत जातीमुळें फरक आढळला नाहीं. कॉल सेंटरच्या नोकऱ्यांत कांहीं जातींच्या बाबतींत आढळला. हा विरोध झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. जेथें कौशल्य कागदावर तपासतां येतें तेथें नांवाकडे कमी पाहिलें जातें, आणि जेथें बोलणें, वळण, वागणूक यांची परीक्षा असते तेथें अधिक, असा त्याचा एक अर्थ लागूं शकतो.

परंतु अर्जांच्या या पद्धतीला एक मर्यादा आहे. दार उघडलें कीं मिटलें एवढेंच तिला कळतें; दाराआड काय झालें तें कळत नाहीं. म्हणून सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या मुलाखती अधिक मोलाच्या वाटतात. मोठ्या कंपन्यांच्या पंचवीस नोकरभरती अधिकाऱ्यांशीं ते बोलले. आम्ही गुणांखेरीज कांहीं पाहत नाहीं, असा त्या अधिकाऱ्यांचा सूर होता. आणि उमेदवाराला घरची पार्श्वभूमि विचारणें हें त्यांतल्या बहुतेकांना अगदीं रास्त वाटत होतें. दोन्ही विधानें ते प्रामाणिकपणेंच करीत होते. आगगाडीच्या डब्यांतला "आपण मूळचे कुठले?" हा प्रश्न येथें खुर्ची टेबलापाशीं येऊन बसला आहे, एवढाच फरक.

आणि आतां हा प्रश्न जेथें लाखों माणसांच्या पोटाशीं निगडित झाला आहे, त्या मुलखाकडे वळूं. पुणें जिल्ह्यांतील खेड तालुक्यांत, देहू आणि आळंदी यांच्या उत्तरेस, चाकणजवळ निघोजे नांवाचें गांव आहे. २००९ सालीं फोक्सवॅगनचा आणि २०१० सालीं महिंद्रचा असे मोटारींचे दोन मोठे कारखाने या परिसरांत सुरू झाले, आणि त्यांच्या भोंवतीं सुटे भाग करणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांची दाटी झाली. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, उत्तर प्रदेश, बिहार येथून पोरें कामाला येतात. शेतकऱ्यांनीं उरल्या जागेंत भाड्याच्या खोल्या बांधल्या आहेत. कारखान्याच्या आंत सर्वांच्या अंगावर एकाच रंगाचा सदरा. तेथें यंत्र कोणाची जात विचारीत नाहीं. पण यंत्रापर्यंत पोंचण्याची वाट पुष्कळदां कंत्राटदाराच्या ओळखींतून जाते, आणि रात्रीं पाठ टेकण्याची वाट खोलीच्या मालकाच्या प्रश्नावरून. जाहिरात नाहीं, अर्ज नाहीं, म्हणून थोरातांच्या पद्धतीनें येथें कांहीं मोजतां येत नाहीं. मोजतां येत नाहीं तेथेंच बाबासाहेबांची पद्धति कामास येते. असल्या प्रत्येक गांवाचा नाका म्हणजे आजचें मसूर स्टेशन आहे : नवा सदरा अंगावर, पत्र्याची पेटी जाऊन पाठीवर पिशवी आलेली, आणि समोर कोणी तरी आपुलकीनें विचारीत आहे. निघोज्यालाच कांहीं वेगळें लागलें आहे असें नव्हे. पुण्याच्या पेठांत आणि मुंबईच्या सोसायट्यांतहि जागा देतांना हाच प्रश्न होतो. फक्त तेथें तो मांसाहाराच्या निमित्तानें विचारतात.

पुस्तिकेचे दोषहि सांगितले पाहिजेत. ती अपुरी आहे. पहिले चार प्रसंग लेखकाचे स्वतःचे आणि शेवटचे दोन इतरांचे असल्यामुळें शेवटीं तिची पकड सैल होते, आणि समारोप नसल्यानें ती मध्येंच तुटल्यासारखी वाटते. बडोद्याच्या प्रसंगांत भावनेचा आवेग अनावर होतो. मसूरचा संयम तेथें नाहीं. पण खरी उणीव दुसरीच आहे, आणि ती लेखकाची नव्हे. स्टेशनमास्तर खोलींत गेला तेव्हां त्याच्या मनांत काय चाललें होतें, हें बाहेर उभ्या असलेल्या मुलाला सांगतां येणें शक्य नव्हतें. तें सांगण्याची जबाबदारी खोलींत असलेल्यांची होती. आपल्या साहित्यानें बाहेरची बाजू भरभरून लिहिली आहे. दया पवारांचें 'बलुतं' १९७८ सालीं आलें, लक्ष्मण मान्यांचें 'उपरा' १९८० सालीं, आणि त्यांच्यामागून एक सबंध दालनच उभें राहिलें. आंतली बाजू मात्र जवळजवळ कोरी आहे. लक्ष्मीबाई टिळकांनीं 'स्मृतिचित्रां'त आपलें सोवळें कसकसें गळून पडलें हें ज्या प्रांजळपणें लिहिलें, तशा प्रांजळपणाला पुढें फारसे वारस लाभले नाहींत. आमच्या वर्गाच्या आत्मचरित्रांत गरिबी येते, शिक्षणाची हौस येते, गुरुजनांचे उपकार येतात. आपण कोणाला काय विचारलें आणि उत्तर ऐकून आपला चेहरा कसा झाला, हें येत नाहीं.

म्हणून आमची सूचना इतकीच आहे. ही पुस्तिका घरांतल्या मुलांना वाचावयास द्यावी, आणि ती वाचून झाल्यावर त्या नऊ वर्षांच्या मुलाविषयीं तुम्हांला काय वाटलें, असें त्यांना विचारूं नये. तें कोणासहि एकच वाटेल. स्टेशनमास्तर इतका वेळ खोलींत काय करीत होता, असें विचारावें. त्या प्रश्नाचें उत्तर ज्या दिवशीं एखादें मराठी पुस्तक देईल, त्या दिवशीं सिडनहॅमच्या त्या प्राध्यापकाचा अपुरा राहिलेला अभ्यास पुढें सरकला, असें म्हणतां येईल.